कोऱ्या नाण्याचा भाव

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या घरातली लोखंडी पेटी उघडली, तर तिच्यात चांदीचे रुपये बहुधा दोन जातींचे निघतात. एकावर चारमिनार आणि फारसी अक्षरे, दुसऱ्यावर इंग्लंडच्या राजाचे किंवा राणीचे डोके. पहिला हाली, दुसरा कलदार. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथला रोजचा व्यवहार हालीत चाले. पण कापूस मुंबईच्या बाजाराकडे जाई आणि तिकडून कलदार येई. आता या पेटीत तिसऱ्या एका वस्तूची भर पडू लागली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा किंवा पुतण्या सुटीत येताना तिथल्या टाकसाळीचा प्लास्टिकमध्ये बंद केलेला कोऱ्या नाण्यांचा संच घेऊन येतो. तिन्ही वस्तूंबद्दल घरात एकच समज असतो: जपून ठेवा, पुढे याचे पैसे होतील. या प्रकरणात हा समज तपासायचा आहे. माझे म्हणणे असे की संग्राहक जी किंमत मोजतो ती वयाची नसते, धातूची नसते आणि नुसत्या कोरेपणाचीही नसते. विशिष्ट अवस्थेतली नाणी उरली किती आणि ती मागणारे किती, यावर ती ठरते. त्यातून एक उफराटा निष्कर्ष निघतो. सगळ्यांनी ठरवून जपलेली वस्तू पुढे दुर्मीळ होतच नाही. दुर्मीळ होते ती, जी जपावी असे तिच्या काळात कुणाच्या मनातही आले नव्हते. अमेरिकन संचांचा अभ्यास उपयोगी पडतो तो इथेच, कारण कोणत्या साली किती संच विकले गेले याचे आकडे तिथे उघड आहेत.

आधी धातूचा हिशेब करून टाकू. कलदार रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी बारा भागांत अकरा. म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि कस ८१.८ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर साधारण १.१७ येते. आता व्यवहारातला भाव पाहा: शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजेच सहा कलदारांना सात हाली. हे गुणोत्तरही १.१७ च भरते. चलनात असताना दोन्ही रुपयांचा आपसातला भाव त्यांच्या पोटातल्या चांदीच्या प्रमाणातच होता, असा याचा सरळ अर्थ. आज जालन्याच्या सराफाकडे मोडीला नेलेल्या रुपयाचा भाव याच पद्धतीने निघतो: वजन, कस, घट आणि त्या दिवशीचा चांदीचा दर. चारमिनारच्या रेखीव कमानींचे किंवा राजाच्या दाढीचे त्यात काही मोजले जात नाही, आणि बहुतेक घरगुती नाण्यांच्या बाबतीत सराफाचे हे वागणे रास्तच असते. वापरून गुळगुळीत झालेला सर्वसाधारण वर्षाचा रुपया संग्राहकालाही चांदीच्या भावापेक्षा फार महाग पडत नाही, कारण असे रुपये कोट्यवधी पाडले गेले आणि लाखोंनी उरले.

दुसरा समज वयाचा. याचे उत्तर नाशिक जिल्ह्यात सापडते. १९०६ साली जोगलटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा मिळाला. त्यातल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे उमटवलेले होते. महाराष्ट्राच्या इतिहासात या साठ्याइतका बोलका पुरावा क्वचितच मिळेल: एका राजाने दुसऱ्याचे राज्य जिंकले आणि त्याच्या पैशावर आपली खूण मारली. पण बाजाराच्या दृष्टीने त्याचा परिणाम वेगळा झाला. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचे नाणे एका झटक्यात हजारोंनी उजेडात आले, आणि आजही नहपानाचे नाणे सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात असते. याउलट १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया घ्या. तो अजून शंभर वर्षांचाही नाही. मुंबईच्या टाकसाळीत तो पाडला गेला, पण चलनात जवळजवळ आलाच नाही. युद्ध सुरू झाले, चांदीची ओढ वाढली, साठा वितळवला गेला आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. आज अस्सल १९३९ च्या रुपयाला लाखांत बोली लागते. त्यामुळेच १९३८ मधल्या शेवटच्या आकड्याची खोडाखोड करून तो ९ करण्याचा धंदा चालतो. एकोणीसशे वर्षे विरुद्ध ऐंशी-नव्वद वर्षे, आणि तरी भाव उलटा.

‘किती पाडली’ आणि ‘किती उरली’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नाण्यांच्या सूचीपुस्तकांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर छापलेले असते आणि वाचक ते दुसऱ्याचे समजून चालतो. १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती नीट उमटला नव्हता. तो डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, रुपया मागे घेण्यात आला आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला गेला. सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी बाहेर पडली ती साधारण सात लाख, बाकीची वितळवली गेली. इतके करूनही हा ‘डुक्कर रुपया’ अतिदुर्मीळ झालेला नाही. तक्रारीनेच त्याला प्रसिद्धी दिली, आणि प्रसिद्ध वस्तू लोक बाजूला काढून ठेवतात. १९३९ च्या रुपयाला ती संधीच मिळाली नाही. एकाच धातूच्या या दोन रुपयांतला फरक समजला की अमेरिकन संचांचे कोडे अर्धे सुटते.

अमेरिकेच्या नाण्यांची ही कथा भारताला एका ठिकाणी थेट येऊन भिडते, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पहिल्या महायुद्धात भारतातून प्रचंड माल गेला, त्याचे पैसे चुकते करायला रुपये हवे होते, आणि लोक कागदी नोटा घेऊन चांदी मागू लागले होते. १९१८ च्या वसंतात सरकारी तिजोरीतली चांदी तळाला गेली. तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि आपल्या तिजोरीत पडून असलेले चांदीचे डॉलर वितळवायला काढले. एकूण २७ कोटींहून जास्त डॉलर वितळले. त्यांतल्या जवळजवळ २६ कोटींची चांदी ब्रिटिश सरकारमार्फत भारतासाठी विकली गेली. ती भरली सुमारे वीस कोटी औंस. कलदाराच्या कसाने हिशेब केला तर तेवढ्या चांदीत ५८ कोटी रुपये पडतात. १९१८ ते १९२० या सालांचे रुपये आपल्याकडच्या पेट्यांत इतके का सापडतात याचे कारण या भरतीत आहे. परतूरच्या किंवा अंबडच्या एखाद्या घरातल्या १९१९ च्या रुपयात याच डॉलरची (संग्राहकांच्या भाषेत मॉर्गन डॉलरची) चांदी असणे अगदी शक्य आहे. पण इथे मुद्दा निराळा आहे. कोणत्या सालचे, कोणत्या टाकसाळीचे डॉलर वितळले याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे मॉर्गन डॉलरच्या सूचीतले उत्पादनाचे आकडे त्या दिवसापासून निरुपयोगी झाले, आणि कोणता डॉलर किती उरला हे पुढची चाळीस वर्षे अंदाजानेच ठरत राहिले.

त्या अंदाजाचा फुगा १९६२ मध्ये फुटला. न्यू ऑर्लीन्सच्या टाकसाळीचा १९०३ चा डॉलर पाडला गेला होता लाखोंनी, पण कोऱ्या अवस्थेत तो कुठे दिसत नसे. सगळे १९१८ मध्ये वितळले असावेत असे जाणकार मानत, आणि अमेरिकन संग्राहकांच्या प्रमाणभूत वार्षिक सूचीत त्याची किंमत १,५०० डॉलर लावलेली होती. १९६२ च्या अखेरीस नाताळच्या मागणीसाठी सरकारी तिजोरीतून जुन्या पिशव्या निघाल्या, आणि त्यांत हेच डॉलर हजारोंनी, एकदाही हाताळले न गेलेले, सापडले. वर्षभरात सूचीतला भाव तीसेक डॉलरवर आला. नाणे तेच, वय तेच, चांदी तीच, चकाकीही तीच. एका तिजोरीचे दार उघडले आणि किंमतीचे ९८ टक्के गळून पडले. या घटनेनंतर ‘कोरे नाणे म्हणजे किंमती नाणे’ हे वाक्य कुणी विचार केल्याशिवाय म्हणू नये.

आता संचांकडे येऊ. अमेरिकन टाकसाळ १९४७ च्या नाण्यांपासून वर्षाचा कोरा संच विकू लागली. प्रत्येक टाकसाळीचे प्रत्येक नाणे, तेही दोन-दोन, म्हणजे पुढची आणि मागची दोन्ही बाजू एकदम मांडता याव्यात; पुठ्ठ्याच्या घड्यांत बसवलेले. १९४७ चा संच २८ नाण्यांचा. त्यांचे दर्शनी मूल्य ४ डॉलर ४६ सेंट आणि विक्रीची किंमत ४ डॉलर ८७ सेंट. घेणारे निघाले सुमारे पाच हजार. १९४८ मध्ये सहा हजार, १९४९ मध्ये पुन्हा पाच हजार. १९५० मध्ये संच निघालेच नाहीत. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अमेरिकेत वापरातली नाणी दर्शनी किंमतीपेक्षा जास्त पैसे देऊन घ्यावीत हे फार थोड्यांना सुचले. मग छंद वाढला. १९५८ चे संच पन्नास हजारांवर गेले. १९५९ पासून दुहेरी पुठ्ठ्याऐवजी पातळ प्लास्टिकचे पाकीट आले आणि विक्री १,८७,००० झाली. १९६३ मध्ये सहा लाख. १९६४ मध्ये दहा लाखांच्या पुढे. पाच हजारांपासून दहा लाखांपर्यंतचा हा प्रवास सतरा वर्षांचा आहे, आणि त्यातच सगळे उत्तर आहे. १९४७ चा मूळ संच आज हजार डॉलरच्या वर जातो. १९६४ च्या संचात दोन टाकसाळींची मिळून दहा नाणी असतात, आणि त्यांतल्या सहांमध्ये ९० टक्के चांदी. सगळी मिळून शुद्ध चांदी सव्वा औंसाच्या जरा खाली, म्हणजे सुमारे ३८ ग्रॅम. या संचाचा बाजारभाव तिच्याच मागे चढतो-उतरतो. म्हणजे हा नावाला संग्राहकाचा संच, पण वागतो आपल्या मोडीतल्या हाली रुपयासारखा. त्यानंतरच्या दशकांतल्या, चांदी नसलेल्या संचांची अवस्था याहून केविलवाणी आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कित्येक संच आज मूळ किंमतीच्या आसपासच मिळतात. मधल्या पन्नास वर्षांची महागाई धरली, तर विकत घेणाऱ्याने त्यात पैसे घालवलेच म्हणायचे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. १९७० चा डेन्व्हर टाकसाळीचा अर्धा डॉलर चलनात आलाच नाही. तो फक्त संचातच मिळाला. मग असे नाणे तरी चढायला हवे ना? चढले, पण बेताचेच. त्या वर्षी संच विकले गेले वीस लाखांवर. ‘फक्त संचातच’ हे शब्द ऐकायला भारी वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ असा की वीस लाखांवर अर्धे डॉलर पहिल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये सांभाळून ठेवले गेले. चलनात गेलेले नाणे झिजते, हरवते, समुद्रात पडते, वितळते. संचातल्या नाण्याला मरणच नाही. दुर्मीळपणा नाशातून जन्मतो, आणि ज्याच्या नाशाची वाट बंद केली त्याच्या दुर्मीळपणाचीही वाट बंद होते.

सगळ्यांनी एकच वस्तू जपण्याच्या या आंधळेपणाचा कळस १९६४ च्या सुमारास झाला. डेन्व्हरचे १९५० चे पाच सेंटचे नाणे फक्त २६,३०,०३० पाडले गेले होते. त्या मालिकेतला हा नीचांक आहे हे लोकांना वेळेवर कळले, आणि कोऱ्या नाण्यांच्या चाळीस-चाळीसच्या गुंडाळ्या घरोघरी साठल्या. दोन डॉलर दर्शनी मूल्याची एक गुंडाळी १९६४ मध्ये बाराशे डॉलरपर्यंत गेली. मग विकणारे सगळे एकदमच बाजारात आले आणि भाव कोसळला. तो चढ पुन्हा आलाच नाही. गंमत अशी की हे नाणे झिजलेल्या अवस्थेत शोधणे कोऱ्यापेक्षा कठीण आहे, कारण ते खर्चलेच कुणी नाही. सरकारही या साठेबाजीने वैतागले. सुट्या पैशांची टंचाई संग्राहकांमुळे होते असे ठरवून १९६५ ते १९६७ च्या नाण्यांवर टाकसाळीची खूणच ठेवली नाही. टंचाईची खरी कारणे दुसरी होती, चांदीचा भाव त्यांत सर्वांत मोठे. पण हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीसाठी छंदिष्टांना दोषी धरणे सोपे असते.

आणखी दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा: १९७९-८० मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेली, तेव्हा पन्नास-साठच्या दशकांतले असंख्य संच फोडून भट्टीत गेले, मग उरलेले संच महाग नाहीत का होणार? होतात, थोडेसे. पण हा आक्षेप माझ्याच बाजूने बोलतो. किंमत वाढली ती वर्षे गेली म्हणून नाही, भट्टी पेटली म्हणून. दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. अमेरिकेत कोऱ्या नाण्यांचीही प्रतवारी असते. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली एक ते सत्तर अंकांची पट्टी पुढे सगळ्या नाण्यांना लागू झाली, त्यात साठपासूनचे सगळे अंक कोऱ्या नाण्यांचे. १९८६ पासून स्वतंत्र संस्था नाणे तपासून, अंक देऊन, पारदर्शक डबीत सील करू लागल्या. पासष्ट अंकांचे आणि अडुसष्ट अंकांचे नाणे यांत उघड्या डोळ्याला फरक दिसेलच असे नाही. किंमतीत मात्र शंभर पटींचाही पडू शकतो. तर मग साध्या संचात एखादे अडुसष्टचे नाणे लपलेले नसेल कशावरून? असेल, पण जे तुम्हाला सुचले ते व्यापाऱ्याला तीस वर्षांपूर्वीच सुचले. संच घाऊक विकत घ्यायचे, चमकदार नाणे काढून घ्यायचे, त्या जागी साधे बसवायचे आणि संच पुन्हा विकायचा, हा तिथला जुना उद्योग आहे. आपल्या हातात आलेला संच बहुधा कुणीतरी आधी चाळून झालेला असतो. यात एक उपकथा मात्र खरोखर मजेची आहे. १९४७ ते १९५८ च्या स्वस्त पुठ्ठ्यांत गंधक होते. त्या गंधकाने चांदीच्या नाण्यांवर निळे, जांभळे, सोनेरी पट्टे चढले, आणि हेच रंग असलेल्या नाण्यांना काही संग्राहक आज जास्त पैसे देतात. टाकसाळीचा निष्काळजीपणा भाव मिळवून गेला. पुढच्या काळजीपूर्वक प्लास्टिकला हे जमले नाही.

भारतात हाच धडा थोड्या उशिरा गिरवला गेला. प्रजासत्ताकाचा पहिला प्रूफ संच, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांचा संच, मुंबईच्या टाकसाळीने १९५० मध्ये काढला, रुपयापासून एका पैशापर्यंत सात नाण्यांचा. घेणारे थोडे होते, आणि आज तो चांगल्या अवस्थेत मिळणे खरोखर कठीण आहे. याच्या उलट १९६९ चा गांधी शताब्दीचा दहा रुपयांचा चांदीचा शिक्का. पंधरा ग्रॅम वजन, ८० टक्के कस, म्हणजे बारा ग्रॅम चांदी. तो लाखांनी निघाला, लोकांनी श्रद्धेने घरात ठेवला, आणि आज त्याचा भाव चांदीच्या दराला चिकटून आहे. १९७३ च्या ‘अधिक धान्य पिकवा’ मालिकेत अर्ध्या रुपयापासून वीस रुपयांपर्यंतची नाणी निघाली. बियाणांच्या उद्योगाने नाव मिळवलेल्या जालन्याला ती मालिका जवळची वाटावी. पण तिचे संचही संग्राहकांनी आधीच जपून ठेवले होते. मोठ्या चढाची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. हल्ली टाकसाळ शंभर, पाचशे, हजार रुपये दर्शनी मूल्याचे स्मरण-शिक्के सातत्याने काढते आणि ते पहिल्या दिवसापासून डबीत असतात. प्रकाशनाच्या महिन्यात त्यांचा दुय्यम बाजारात उठाव होतो, मग बहुतेकांचा ओसरतो. अमेरिकेत साठच्या दशकात जे झाले त्याचीच ही भारतीय आवृत्ती आहे.

तर मग जालन्याच्या पेटीत मौल्यवान काय असू शकते? माझे मत असे की शोध चांदीच्या रुपयात नको, तांब्या-काशाच्या खुर्द्यात घ्यावा. हाली रुपया घरात लक्ष्मी म्हणून आला आणि लक्ष्मी म्हणूनच राहिला. तो खर्चायचा नाही असा संकेतच होता. हाली पै, दोन पै, अर्धा आणा यांना असा मान कधीच मिळाला नाही. आठवडी बाजारात मीठ-मिरचीसाठी ते हातोहात फिरले, घामाने आणि मातीने काळवंडले, आणि हाली चलन १९५० च्या दशकात संपले तेव्हा कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. टाकसाळीतून निघतानाचा तांबूस रंग शाबूत असलेली, कडा तीक्ष्ण असलेली हाली पै शोधून पाहावी. चकाकणारा हाली रुपया तिच्यापेक्षा कितीतरी सहज मिळतो. रुपयातही अवस्थेनुसार चाळणी लागते. सहावा निजाम महबूब अली खान याच्या चारमिनारी नाण्यांवर मधल्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर असते. १९११ मध्ये उस्मान अली खान गादीवर आल्यावर तिथे ‘ऐन’ आले, सुरुवातीला त्याचे लहान, जोडाक्षरातले रूप आणि नंतर पूर्ण अक्षर. ज्याला कमानीतले अक्षर, हिजरी साल आणि राज्यवर्ष वाचता येते त्यालाच पुढचा हिशेब करता येतो.

अवस्थेची गोष्ट निघाली की आपल्या रीतींचाही विचार करावा लागतो. दिवाळीला लक्ष्मीपूजनात ताटातल्या रुपयांना दुधा-पाण्याने न्हाऊ घालायचे, हळद-कुंकू लावायचे, दुसऱ्या दिवशी चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करायचे, हा अनेक घरांचा क्रम. नाण्यावरचा मूळ तजेला म्हणजे साच्याच्या प्रचंड दाबाखाली धातू वाहताना उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषा. प्रकाश त्यांच्यावरून फिरतो तेव्हा नाणे जिवंत वाटते. एकदा घासले की त्या रेषा गेल्या, आणि नंतरची चकाकी ही भांड्याची चकाकी असते. दागिन्यासाठी कडी जोडलेल्या रुपयांचेही तसेच. कडी काढली तरी डागाची खूण राहते आणि संग्राहक ती पाहताच मोडीचा भाव सांगतो. म्हणून पूजेतला रुपया वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या घराने तो पिढ्यान्‌पिढ्या पुजला, त्या घराच्या दृष्टीने त्याचा उपयोग पुरेपूर झालेला आहे. संग्राहकाच्या मोजपट्टीत तो बसत नाही, इतकेच.

उरलेल्या संख्येइतकीच मागणीही महत्त्वाची, आणि माझ्या मांडणीवरचा सगळ्यात जड आक्षेप इथूनच येतो. हाली पै कोऱ्या अवस्थेत दुर्मीळ असेल, पण ती हवी आहे कुणाला? नको असलेल्या वस्तूच्या दुर्मीळपणाला भाव नसतो. हे खरे आहे. अमेरिकेतली मागणी आपोआप उगवलेली नव्हती. १९३० च्या दशकात प्रत्येक साल आणि प्रत्येक टाकसाळ यांच्यासाठी एक-एक भोक पाडलेले स्वस्त पुठ्ठ्याचे फलक विकायला आले. मुलांनी खिशातल्या नाण्यांनी ती भोके भरायला घेतली, आणि १९४० च्या दशकात दरवर्षीची किंमतसूची निघू लागली. रिकामे राहिलेले भोक हेच मागणीचे खरे यंत्र होते. हैदराबादच्या नाण्यांना असा फलक नव्हता. साल हिजरी, अंक फारसी, राज्यवर्ष वेगळे. १९४८ नंतरच्या पिढीतल्या मराठी संग्राहकाला ती वाचताही येईनात. म्हणून दुर्मीळ हाली नाण्याला अजून त्याच्या दुर्मीळपणाच्या प्रमाणात भाव नाही. तो येईल की नाही, हे मराठवाडा आणि तेलंगणातले किती लोक ही मालिका साल लावून जमवू लागतात यावर ठरेल. माझा कल ‘येईल’ याकडे आहे, कारण नाण्यांची छायाचित्रे आणि सूची आता फोनवर मिळतात आणि फारसी अंक शिकायला एक दुपार पुरते. पण हा कल आहे, भाकीत नव्हे; आणि त्यावर कुणी शेतीचे पैसे लावू नयेत.

मागणीचा खोटा भास निर्माण करणारा एक बाजारही आहे, तो वेगळा ओळखावा. २०१२ मध्ये निघालेली वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी लाखांना विकली जातात, अशी अफवा कित्येक वर्षे फिरते आहे. ती नाणी मोठ्या संख्येने चलनात आली, अजूनही सुट्या पैशांत हाती लागतात, आणि या प्रकरणातल्या कुठल्याही कसोटीने त्यांना दर्शनी मूल्यापलीकडे मोल येत नाही. अफवेचा उद्देश नाणे विकत घेणे हा नसतो. विकणाऱ्याकडून आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ उकळणे हा असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या अशा व्यवहारांबद्दल जाहीर इशाराही दिला. खरा संग्राहक आधी पैसे मागत नाही; तो आधी नाण्याची कड बघतो.

कायद्याच्या दोन गोष्टी पेटी उघडणाऱ्याला माहीत असाव्यात. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किंमतीचा ठेवा १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. दहा रुपयांची ही मर्यादा इंग्रजांच्या काळची आहे आणि आज हास्यास्पद वाटते, पण ती पुस्तकात आहे. भोकरदन परिसरात सातवाहन काळाच्या खुणा जमिनीखाली आहेतच. तिथे नांगराला लागलेले नाणे घरच्या पेटीतल्या नाण्याच्या नियमाने चालत नाही. आणि शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे न्यू जर्सीहून १९८४ चा प्लास्टिकबंद संच जालन्यात आणणे निर्धोक आहे, पण परतीच्या सामानात आजीचा महबूब अलीच्या काळचा चारमिनारी रुपया टाकणे नाही. तो संच तिकडे दहा-बारा डॉलरला पुन्हा मिळतो. आजीचा रुपया घासलेला नसेल, कडी लावलेला नसेल आणि कमानीतला ‘मीम’ स्पष्ट दिसत असेल, तर दोहोंत निवड करायची वेळ आल्यास मी रुपयाच ठेवीन, आणि त्याच पेटीच्या तळाशी काळ्या पडलेल्या पैंची पुडी असली तर आधी ती सोडून बघेन.